डोळ्यांच्या कोपऱ्यांसाठी बांधलेलं थिएटर

समोरच्या भिंतीवर एखादा ठिपका शोधा. कॅलेंडरवरची आजची तारीखही चालेल. तिच्यावरून नजर हलवायची नाही हं! आता दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत बाजूला पसरा आणि बोटं नाचवा. दिसतात? हात थोडे पुढे घ्या. आता दिसली असतील! नेमकी किती बोटं हलताहेत ते सांगता येणार नाही, नखं कापलीत की नाहीत तेही कळणार नाही, पण काहीतरी वळवळतंय एवढं पक्कं कळतं. म्हणजे आपल्याला जवळजवळ अर्ध्या वर्तुळाएवढं, १८० अंशांचं जग एकाच वेळी दिसत असतं. मधला जेमतेम तुकडा स्पष्ट आणि बाकीचं सगळं धूसर.

हे धूसर कोपरे बिनकामाचे नाहीत बरं का. हालचाल पकडण्यात ते पटाईत असतात. स्टेशनात तुमची गाडी उभी असते, शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि क्षणभर वाटतं की आपलीच निघाली. हा उद्योग त्या कोपऱ्यांचा. इकडे कानाच्या आत तोल सांभाळणारा इवलासा अवयव असतो, तो सांगत असतो, ‘अरे, आपण जागच्या जागी आहोत!’ डोळा म्हणतो निघालो, कान म्हणतो बसलोय. मेंदूची तारांबळ उडते आणि पोटात गोळा येतो.

अमेरिकेतल्या फ्रेड वॉलर नावाच्या गृहस्थांना या गोळ्याचं भारी कुतूहल होतं. हे गृहस्थ सिनेमात करामतीची दृश्यं तयार करायचे. फावल्या वेळात त्यांनी पाण्यावर घसरायच्या स्कीचं पेटंटही घेऊन ठेवलं होतं. त्यांच्या मनात आलं, सिनेमाचा पडदा खरा का वाटत नाही? कारण तो समोर एका चौकटीत असतो. डोळ्यांच्या कोपऱ्यांना दिसतो तो थिएटरचा अंधार. मग त्या कोपऱ्यांनाही चित्र दाखवलं तर?

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ही कल्पना वापरून पाहिली. विमानातून मशीनगन चालवायला शिकणाऱ्या सैनिकांसाठी त्यांनी एक गोलसर पडदा केला आणि त्यावर पाच प्रोजेक्टरमधून शत्रूची विमानं उडवली. युद्ध संपल्यावर पाचाचे तीन केले आणि तयार झाला ‘सिनेरामा’.

३० सप्टेंबर १९५२ची रात्र. न्यूयॉर्कमधलं ब्रॉडवे थिएटर. पडद्यावर आधी नेहमीच्या आकाराचं काळं-पांढरं चित्र आलं आणि लोवेल थॉमस नावाचे प्रसिद्ध निवेदक चित्रकलेपासून सिनेमापर्यंतचा इतिहास सांगू लागले. चांगली बारा-एक मिनिटं! पोरं नक्कीच कंटाळली असतील. आणि मग एकदम पडदे दोन्ही बाजूंना सरकत गेले, सरकतच गेले, आणि सगळं थिएटर जत्रेतल्या रोलर कोस्टरच्या पहिल्या डब्यात बसून थेट खाली कोसळलं. रंगीत! सगळीकडून आवाज! माणसं खुर्च्यांचे हात घट्ट धरून बसली.

आता ही जादू चालायची कशी ते बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

कॅमेऱ्याला एकाऐवजी तीन भिंगं. तिन्ही मिळून आडवे १४६ अंश टिपायची. प्रत्येक भिंगामागे वेगळी फिल्म. थिएटरात तीन वेगळ्या केबिन आणि प्रत्येकीत एक प्रोजेक्टर. पण डावीकडचा प्रोजेक्टर पडद्याचा उजवा भाग दाखवायचा आणि उजवीकडचा डावा! पडदा आतल्या बाजूला खोल वळलेला असल्यामुळे असं फुलीसारखं टाकलं तरच प्रकाश त्याच्यावर जास्त सरळ पडतो. कागदावर एक कमान काढून रेघा मारून पाहा, लगेच पटेल.

नेहमीच्या सिनेमात सेकंदाला २४ चित्रं सरकतात, इथे २६. तीन फिल्म म्हणजे सेकंदाला ७८. दोन तासांच्या सिनेमात किती झाली? करा गुणाकार. साडेपाच लाखांच्या वर जातात! आवाजासाठी चौथी, वेगळी फिल्म, तिच्यावर सात ट्रॅक: पाच पडद्यामागच्या स्पीकरांसाठी, उरलेले दोन प्रेक्षकांच्या आजूबाजूच्या स्पीकरांसाठी. आणि हे सगळं एका तालात चालायला हवं. समजा मधली फिल्म तुटली आणि जोडताना दहा चित्रं वाया गेली, तर तिथे मोजून दहा काळी चित्रं चिकटवायची. नाहीतर काय होईल? घोड्याची मान पुढे जाईल आणि शेपूट मागेच राहील.

तीन चित्रं जिथे भिडतात तिथे शिवण दिसायची. ती लपवण्यासाठी प्रोजेक्टरमध्ये कंगव्यासारखे बारीक दाते बसवले होते. ते खालीवर थरथरत राहायचे, म्हणजे कडा पुसट व्हायच्या. सिनेमावालेही हुशार. नेमक्या शिवणीवर झाड किंवा खांब येईल असं दृश्य लावायचे. नटांचे हाल तर विचारूच नका. समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्याकडे पाहायचं नाही, भलतीकडेच पाहायचं. म्हणजे वळलेल्या पडद्यावर ते एकमेकांकडे बघताहेत असं वाटायचं. खरं सांगायचं तर एवढं करूनही शिवण दिसायचीच. लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटतं, पोटात गोळा आलेला माणूस शिवण शोधत बसत नाही.

आणि तो पडदा! तो एकसंध नव्हताच. शेकडो अरुंद उभ्या पट्ट्या शेजारीशेजारी, किंचित तिरक्या लावलेल्या. का बरं? पांढरा पडदा प्रकाश परत फेकतो, म्हणून तर आपल्याला चित्र दिसतं. पण पडदा वळलेला असेल तर डाव्या टोकाचा प्रकाश उजव्या टोकावर जाऊन पडतो आणि तिथलं चित्र फिकं होतं. पट्ट्या तिरक्या असल्या की हा उनाड प्रकाश फटीतून मागे निघून जातो. किती साधा उपाय, आणि बसवायला किती किचकट!

असा पट्ट्यांचा पडदा ज्या मोजक्या थिएटरांत या शतकातही होता, त्यातलं एक अमेरिकेच्या सिएटल शहरात आहे. ते १९६३ साली सुरू झालं. पहिला सिनेमा होता ग्रिम बंधूंच्या परीकथांवरचा, तीन प्रोजेक्टरवाला. पण बिचाऱ्या थिएटरचं नशीब असं, की तोवर तीन प्रोजेक्टरचा खर्च आणि कटकट यांना सगळेच विटले होते. माइक टॉड नावाचे एक निर्माते आधी सिनेरामातच होते. ते केव्हाच बाहेर पडून एकाच रुंद, ७० मिलिमीटरच्या फिल्मच्या मागे लागले होते. हे ‘सेव्हन्टी एमएम’ आपल्याकडेही आलं. घरातल्या आजी-आजोबांना नुसतं विचारा, ‘शोले सेव्हन्टी एमएममध्ये पाहिला होता का?’ १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हात तो लागला आणि पाच वर्षं चालला. नाणं फेकलं की त्याचा खणखणाट कुठून आला हे पाहायला लोक माना वळवायचे, ही आठवण तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल.

सिएटलचं थिएटरही मग ७० मिलिमीटरचे सिनेमे दाखवू लागलं. पुढे गर्दी आटली. नव्वदच्या दशकात तर तिथे म्हणे जेवता जेवता नाटक बघायची जागा करावी, नाहीतर भिंती चढायचा क्लब, अशा गोष्टी निघाल्या. गावातले सिनेमावेडे खवळले, सह्या गोळा करू लागले. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन पुढे आले. ते सिएटलचेच. लहानपणी याच थिएटरात त्यांनी सिनेमे पाहिले होते. १९९८ साली त्यांनी ते विकत घेतलं, छताला बारीक दिव्यांचं तारांगण केलं आणि सुमारे २,००० पट्ट्यांचा, ९० फूट रुंद पडदा पुन्हा उभारला. रोजच्या सिनेमांना साधा पडदा असायचा, सिनेरामाच्या खास खेळांना हा.

इथले प्रेक्षकही भन्नाट. २००२ साली ‘स्टार वॉर्स’चा नवा भाग मे महिन्यात येणार होता, तर दोन पठ्ठे जानेवारीतच थिएटरबाहेरच्या फुटपाथवर रांग लावून बसले. सिएटलच्या हिवाळ्यात! आपण असलं काही केलं तर घरचे कान धरून परत आणतील, ते सोडा.

तीन प्रोजेक्टरचा खरा सिनेरामा दाखवू शकणारी थिएटरं या शतकात जगभरात तीनच उरली होती. एक हे. दुसरं इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या संग्रहालयातलं. तिसरं हॉलिवूडमधला ‘सिनेरामा डोम’. काँक्रीटच्या ३१६ षटकोनी-पंचकोनी तुकड्यांनी बनलेला हा घुमटही १९६३चाच. गंमत म्हणजे तीन प्रोजेक्टर त्याच्या वाट्याला आले ते २००२ साली, जवळजवळ चाळीस वर्षांनी. सिएटलसारखा तोही २०२० साली बंद झाला आणि पुढच्या वर्षी चालवणाऱ्यांनी जाहीर केलं की आम्ही तो परत उघडणार नाही. त्या दिवशी मोठमोठे दिग्दर्शकही हळहळले.

सिएटलला मात्र नशिबाने साथ दिली. पॉल ॲलन २०१८ साली वारले होते आणि कोरोनाच्या वर्षी लागलेलं कुलूप तीन वर्षं निघालं नाही. शेवटी २०२३ साली तिथला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवणाऱ्या संस्थेने थिएटर विकत घेतलं आणि डिसेंबरमध्ये ते पुन्हा सुरू केलं. आता त्या संस्थेवरून नाव बदललंय, ‘सिफ सिनेमा डाउनटाउन’. पण खाऊ जुनाच. या थिएटरचे चॉकलेट लावलेले पॉपकॉर्न इतके प्रसिद्ध, की थिएटर उघडणार म्हटल्यावर लोकांनी चौकशी केली ती त्यांचीही. आणि उघडताना पहिला सिनेमा कोणता लावला असेल? ‘वोंका’. चॉकलेटच्या कारखानदाराचा!