लाल खारीसाठी ओक नको!

मागच्या आठवड्यात इंग्लंडच्या उत्तर टोकाला किल्डरच्या जंगलात लाल खार दिसली. कानांवर केसांचे झुबके, शेपूट अंगापेक्षा झुपकेदार. मी फोटो काढायचाच विसरले.

किल्डर हे खरं तर लाकडासाठी लावलेलं जंगल. 1926 पासून लागवड. बहुतेक झाडं सिटका स्प्रूस, तीही मूळची उत्तर अमेरिकेची. अशा एकसुरी रानात वन्यजीव कसले, असं वाटतं ना? पण इंग्लंडमधल्या निम्म्याच्या आसपास लाल खारी इथेच आहेत.

कारण स्प्रूसचं बी अगदी बारीक. अमेरिकेतून आलेल्या धिप्पाड करड्या खारीचं त्यावर भागत नाही. तिला ओक, हेझलची मोठी फळं लागतात. शिवाय तिच्याकडून येणारा देवीसारखा रोग लाल खारीच्या जिवावर उठतो. म्हणून इथे सरसकट ओक लावणं लाल खारीला महागात पडेल!

लाल खारींसाठी झाडांची तोडही तुकड्यातुकड्यांनी करतात. कोवळ्या स्प्रूसला शंकू धरत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या वयाची झाडं शेजारी हवीत. एखाद्या वर्षी स्प्रूसला बीच धरत नाही. तेव्हा मध्ये लावलेले पाइन कामी येतात.