किलोमीटरला देणगी मिळत नाही

एखादा माणूस स्कूटरवरून दोन-तीन हजार किलोमीटर फिरून कॅन्सरच्या रुग्णांसाठी किंवा मुलांच्या वसतिगृहासाठी पैसे गोळा करतो, असं वाचलं की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: पेट्रोल, लॉज आणि जेवणखाण यांवर घातलेले पैसे थेट संस्थेलाच का देऊन टाकले नाहीत? प्रश्न कुत्सित वाटला तरी रास्त आहे, आणि त्याच्या बाजूने पुरावाही आहे. स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागातल्या डॉक्टरांनी देणग्या जमवण्यासाठी पॅराशूटमधून उडी मारणाऱ्यांच्या दुखापतींचा पाच वर्षांचा हिशेब 1999 मध्ये मांडला. माणशी सरासरी जेमतेम 30 पौंड जमले होते, आणि जमलेल्या दर पौंडामागे सरकारी आरोग्यसेवेला या जखमींच्या उपचारांवर 13.75 पौंड मोजावे लागले होते. पुण्यकर्माने सार्वजनिक तिजोरीला भोक पाडल्याचं इतकं चोख उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

तरीही ‘थेट देऊन टाका’ या सल्ल्यात एक गृहीतक लपलेलं आहे. कोणी कष्ट घेतले नसते तरी लोकांनी तेवढेच पैसे दिले असते, असं ते गृहीतक. ते टिकत नाही. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की मदत करण्यासाठी काही त्रास सोसावा लागणार असेल तर माणसं हात आखडता घेण्याऐवजी जास्त देतात; त्रासातला एक होता बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवण्याचा. हे प्रयोग त्रास सोसणाऱ्याच्या स्वतःच्या देण्याविषयी होते, पाहणाऱ्याच्या नव्हे, हे मान्य. पण पाहणाऱ्यांचं उदाहरण 2020 मध्ये सगळ्या जगाने बघितलं. शंभरीला टेकलेल्या कॅप्टन टॉम मूर यांनी वॉकरच्या आधाराने आपल्या बागेत 25 मीटरच्या शंभर फेऱ्या मारल्या आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेशी संलग्न धर्मादाय संस्थांसाठी 3 कोटी पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. एकूण चाल अडीच किलोमीटर. देणगी अंतरावर मिळत असती तर त्यांच्या हाती काय पडलं असतं? लोकांनी पाहिलं ते काम आणि ते करणाऱ्याची ताकद यांतलं अंतर.

स्कूटरचं महत्त्व नेमकं इथे आहे. 1946 मध्ये बाजारात आलेली व्हेस्पा स्कूटर कागदावर उतरवणारे कोर्रादिनो दास्कानिओ मूळचे विमानांचे अभियंते, आणि मोटरसायकल त्यांना फारशी आवडत नसे. कपडे न मळता कामावर जाता यावं, साडी किंवा स्कर्ट नेसूनही बसता यावं, भाजीची पिशवी पायाशी ठेवता यावी, अशा वापराची ही गाडी. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर बजाजने ती आपल्याकडे बनवायला घेतली तीही याच मध्यमवर्गीय वापरासाठी. छोट्या चाकांना प्रत्येक खड्डा जाणवतो, टाकी लहान, घाटात दम लागतो. दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली मोठी मोटरसायकल टपरीसमोर थांबली तर लोक तिची किंमत विचारतात. बजाजची जुनी चेतक थांबली की ‘या गाडीवर एवढ्या लांब?’ असं विचारतात, मग ‘आमच्याकडेही होती, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती’ असं सांगत कोणीतरी स्टूल पुढे सरकवतो. देणगीसाठी काढलेल्या फेरीचं भांडवल म्हणजे हे संभाषण. मॅट बिशप आणि रीस गिल्क्स हे दोन ब्रिटिश तरुण 2017 मध्ये साइडकार जोडलेल्या शहरी स्कूटरवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांचा विषय होता आधुनिक गुलामगिरी आणि माणसांची तस्करी. चहाच्या टपरीवर हा विषय कोणी आपण होऊन काढणार नाही. तो निघाला तो त्या विजोड गाडीमुळे.

अशा फेऱ्यांच्या आयोजकांची चूक इथेच होते. गाडीचं विजोडपण हे भांडवल आहे हे विसरून ते अंतराच्या मागे लागतात: इतक्या दिवसांत इतकी राज्यं, चोवीस तासांत इतके किलोमीटर. यावर कोणी टेरी फॉक्सचं नाव घेईल. कॅन्सरमुळे उजवा पाय गमावलेल्या या कॅनेडियन तरुणाने 1980 मध्ये कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावत 143 दिवसांत 5,373 किलोमीटर कापले. तिथे तर अंतरच सर्वस्व होतं ना? पण तपशील वेगळं सांगतो. न्यूफाउंडलंडमधल्या पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलरहून जास्त दिले, आणि कॅनडातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर हे उद्दिष्ट त्यातून सुचलं. पुढे फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये प्रतिसाद अगदीच थंड, तर ऑन्टारियोत रस्त्याच्या कडेला गर्दी. पाय तेच, रोजचं अंतर साधारण तेच. फरक लोकांशी जुळलेल्या संवादाचा. पदयात्रेवर असलेल्या आपल्या विनोबांना 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीत भूदानाची पहिली शंभर एकर जमीन मिळाली तीही मुक्कामातल्या बोलण्यातून, चालण्याच्या वेगातून नव्हे. स्कूटर विनोबांहून वेगवान असली तरी तिच्यावरून जाणाऱ्याला गावात उतरावंच लागतं.

दुसरीकडे धोका मात्र किलोमीटरच्या हिशेबानेच वाढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, आणि त्यांतले सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरचे होते. थकवा, अंधार आणि पुढचा मुक्काम गाठण्याची घाई या तिन्ही गोष्टी विक्रमाच्या नादात एकत्र येतात. देणगी त्या प्रमाणात वाढत नसेल, तर रोज शे-दीडशे किलोमीटर, सूर्यास्तापूर्वी मुक्काम आणि प्रत्येक मुक्कामी एक सभा किंवा शाळाभेट, हा व्यवहारी हिशेब आहे. विक्रमाशिवाय वर्तमानपत्रं दखल घेत नाहीत, ही आयोजकांची तक्रार खरी आहे. पण अशी बातमी दुसऱ्या दिवशी विस्मरणात जाते. ज्या गावात संध्याकाळ घालवली तिथला शिक्षक किंवा दुकानदार पुढल्या वर्षीही संस्थेला पैसे पाठवू शकतो.

‘ही तर लोकांच्या पैशांवरची सहल’ हा आक्षेप उरतो, आणि त्याला भावनिक उत्तर चालणार नाही. फेरीत मजा वाटली तर त्यात गैर काही नाही, पण मजेचं बिल देणगीदाराने भरणं गैर आहे. कॅप्टन टॉम यांच्या नावाने नंतर स्थापन झालेल्या संस्थेच्या कारभाराची ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने चौकशी केली आणि 2024 च्या अहवालात कुटुंबीयांनी त्यातून लक्षणीय वैयक्तिक लाभ घेतल्याचा ठपका ठेवला. मूळ देणग्यांशी त्याचा संबंध नव्हता, तरी त्या नावावर डाग पडला तो पडलाच. म्हणून पेट्रोल, दुरुस्ती, मुक्काम हा खर्च स्वाराच्या खिशातून किंवा जाहीर केलेल्या प्रायोजकाकडून व्हावा, आणि देणगी स्वाराच्या हाती न पडता थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जावी. दोन हजार रुपयांहून मोठ्या रोख देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, ही तरतूद इथे उपयोगीच पडते. स्वाराने डिकीत संस्थेचं माहितीपत्रक आणि पैसे भरण्याचा क्यूआर कोड ठेवला, की पैशांची थैली बाळगण्याचं कारण उरत नाही. परतल्यावर एका कागदावर जमा आणि दुसऱ्यावर स्वतःचा खर्च, असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापता येतात. खर्चाचा आकडा जमेपेक्षा मोठा निघाला, तर पुढच्या वर्षी फेरी न काढता त्याने सरळ चेक लिहावा.