जोसेफ मेरिकचा डावा हात

देहाच्या विचित्र वाढीमुळे गाजलेल्या जोसेफ मेरिकचं नाव निघालं की लोकांना त्याचा चेहरा आठवतो. मला नवल वाटतं ते त्याच्या डाव्या हाताचं. डोक्याचा घेर ३६ इंच, उजव्या मनगटाचा १२ इंच, कातडीवर गाठींचे लोंबते थर. आणि त्याच देहावर डावा हात मात्र नाजूक, सुबक! डिसेंबर १८८४ मध्ये शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी त्याला लंडनच्या पॅथॉलॉजिकल सोसायटीपुढे आणलं, तेव्हा हे कोडं तिथे कुणालाच सुटलं नाही.

या विकाराबद्दल घरच्यांची समजूत अशी, की तो पोटात असताना आई हत्तीला घाबरली होती. जोसेफही तेच खरं मानायचा. आज बहुतेक तज्ज्ञांचा कल प्रोटियस सिंड्रोमकडे आहे. या विकाराचं मूळ २०११ मध्ये सापडलं: एकेटी-१ जनुकात एका अक्षराचा बदल. तो आईवडिलांकडून येत नाही. गर्भ वाढू लागल्यावर एखाद्याच पेशीत घडतो आणि तिच्यापासून झालेल्या पेशी गरजेपेक्षा जास्त वाढत राहतात. शेजारच्या पेशी निरोगीच. म्हणजे एका माणसात दोन प्रकारच्या पेशी जन्मभर एकत्र नांदतात! डाव्या हाताचं कोडं इथे उलगडतं. रक्त तपासलं तर हा बदल बहुधा दिसतही नाही. वाढलेल्या भागाचाच तुकडा घ्यावा लागतो.

जोसेफ १८६२ मध्ये लेस्टरला जन्मला. दहा वर्षांचा असताना आई गेली, घरात सावत्र आई आली. उजवा हात जड झाला तशी सिगार वळण्याची नोकरी सुटली. पुढे फेरीवाल्याचा परवानाही गेला. मग वर्कहाउस: निराधारांना कामाला जुंपून जेमतेम पोटाला घालणारी जागा. तिथली चार वर्षं इतकी जाचक होती, की लोकांपुढे स्वतःला पैशासाठी दाखवायला त्याने स्वतःच खेळवाल्या सॅम टॉरशी संधान बांधलं. त्याला कुणी पकडून तंबूत बसवलं नव्हतं, हे सांगायलाच हवं. पुढे बेल्जियममध्ये एका व्यवस्थापकाने त्याची पुंजी लुबाडली आणि १८८६ मध्ये तो लंडन हॉस्पिटलमध्ये पोचला. बऱ्या न होणाऱ्या रुग्णाला तिथे कायम ठेवत नसत. हॉस्पिटलचे अध्यक्ष कार गॉम यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं आणि लोकांनी त्याच्या जन्मभराची सोय होईल एवढे पैसे पाठवले.

तिथल्या खोलीत तो वाचायचा, पत्रं लिहायचा, पुठ्ठ्याच्या इमारती उभ्या करायचा. माइन्झच्या कॅथेड्रलचं त्याने केलेलं मॉडेल आजही जपलेलं आहे. कमानी, मनोरे, खिडक्यांच्या ओळी! उजव्या हाताचा फारसा उपयोग नसताना हे जमवलं त्याने.

डोक्याच्या भारामुळे तो बसूनच, गुडघ्यांवर डोकं टेकून झोपायचा. ११ एप्रिल १८९० रोजी तो पलंगावर आडवा, मृत आढळला. वय २७. इतरांसारखं उशीवर झोपायचा प्रयत्न केला असावा, असं ट्रीव्ह्ज यांना वाटलं.

एकेटी-१ च्या अनावर कामाला लगाम घालणाऱ्या औषधाच्या चाचण्या अलीकडे प्रोटियसच्या रुग्णांवर झाल्या आहेत.