‘धरून देतील’ म्हणजे काय?

मत्तयाच्या शुभवर्तमानातील चोविसाव्या अध्यायाचे दहावे वचन आपण बहुधा चटकन ओलांडून जातो. आसपास लढाया, दुष्काळ, भूमिकंप अशा मोठमोठ्या गोष्टींची गर्दी आहे ना! प्रसंग जैतुनाच्या डोंगरावरचा. यरुशलेमेचे मंदिर पडणार असे येशूने नुकतेच सांगितले आहे, आणि शिष्य धास्तावून विचारताहेत, हे केव्हा होणार? (इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याच्या हातून ते मंदिर खरोखरच जळाले.) परक्यांकडून होणारा छळ येशू थोडक्यात सांगतो आणि लगेच घरातल्या गोष्टीकडे वळतो. साध्या भाषेत त्याचे म्हणणे असे: छळ सुरू झाला की आधी तुमच्यातलीच माणसे डळमळतील, मग एकमेकांना शत्रूच्या हवाली करतील, आणि मग एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतील.

हा क्रम नीट पाहा. आपली समजूत अशी, की आधी वैर असते आणि वैरापोटी माणूस दगा देतो. इथे वैर शेवटी आले आहे. मला हे फार खरे वाटते. ज्याला आपण धरून दिले, तो समोर दिसणेच नको होते.

‘अडखळणे’ असे आपण मराठीत म्हणतो, त्या मूळ ग्रीक शब्दाचे नाते सापळ्यातल्या आमिष लावायच्या काडीशी आहे. म्हणजे नुसती ठेच नव्हे. पाय पडला की सापळा मिटला. आणि ‘धरून देणे’ याचा मूळ अर्थ अगदी साधा, हवाली करणे. यहूदाने येशूला धरून दिले तिथेही तेच क्रियापद, आणि पिलाताने त्याला वधस्तंभाकडे पाठवले तिथेही तेच. गंमत अशी, की गुरूने शिष्याला शिकवण सोपवली, हे सांगायलाही पौल तोच शब्द वापरतो!

पुढे काय झाले ते इतिहासात आहे. इ. स. ६४ मध्ये रोम जळाले. नीरो बादशहाने आळ ख्रिस्ती लोकांवर घातला. टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो, की आधी कबुली देणाऱ्यांना पकडले, आणि मग त्यांनीच दिलेल्या माहितीवरून आणखी पुष्कळांना. त्यांच्यावर काय बेतले असेल, ते आपण न्यायाधीश होऊन बोलू नये.

इ. स. ११२ च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात, प्लिनी नावाच्या सुभेदाराकडे नावांची एक निनावी यादी आली. तो एकेकाला बोलावून बादशहाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य वाहायला लावी, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला लावी. ज्यांनी हे केले ते सुटले. ट्रेजन बादशहाने मात्र उत्तरी कळवले, की निनावी यादी मुळीच घेऊ नये. छळ करणाऱ्यालाही चुगली ओंगळ वाटली, पाहा.

तिसरी पायरी दिसते ती उत्तर आफ्रिकेत. इ. स. ३०३ मध्ये डायोक्लेशियन बादशहाने धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. काहींनी पोथ्या अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. त्यांना लॅटिनमध्ये नाव पडले ‘ट्रॅडिटोर’, हवाली करणारे. इ. स. ३१३ मध्ये धर्मस्वातंत्र्य मिळाले, बाहेरचा छळ थांबला. पण कार्थेजच्या बिशपला दीक्षा देणारा फेलिक्स हा पोथी देणाऱ्यांपैकी होता, असा आरोप झाला आणि मंडळी दुभंगली. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला, तरी वैर मिटेना. इ. स. ४११ मध्ये, म्हणजे शंभर वर्षे उलटल्यावर, दोन्ही पक्षांचे मिळून पाचशेहून अधिक बिशप समेटासाठी कार्थेजला जमले. पोथी देणारा आणि न देणारा, कोणीच आता हयात नव्हते. अध्यक्षांनी सर्वांना बसण्याची विनंती केली, तर फुटून निघालेला पक्ष म्हणाला, यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. आणि ते उभेच राहिले.