दिवस गेलेत आणि काढा? थांबा जरा!

मी काढ्यांची वेडी. पण ‘वनस्पतीच ना, काय होतंय’ हे वाक्य गरोदर बाईपुढे कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

आल्याचं पाणी चालतं. सुरुवातीच्या मळमळीवर आलं सुचवणारी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. चार पातळ चकत्या, गरम पाणी, घोटघोट प्यायचं. बस.

खरी गोम ज्येष्ठमधाची. खोकला आला की आपण तो काढ्यात सहज टाकतो. त्यातल्या ग्लायसिरायझिनने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. शिवाय आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बाळापर्यंत फार पोचू नये म्हणून वारेत एक विकर पहारा देत असतं. ग्लायसिरायझिन नेमकं त्यालाच अडवतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या आवडीने खातात, तरी तिथे गरोदर स्त्रियांना त्या टाळायला सांगतात. तयार ‘हर्बल टी’च्या पाकिटावर मुलेठी किंवा यष्टिमधु लिहिलं असेल, तरी तो ज्येष्ठमधच बरं का!

आणि गवती चहा? आपण तो साध्या चहातच उकळतो, म्हणजे कॅफिन आलंच. शिवाय चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा.

रक्तदाबाचं किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आल्याबद्दलही आधी डॉक्टरांना विचारा.