हळद नको, कथील हवं!

काकांची जुनी जीप मागून घेतली, चौघं मित्र बसले आणि कसारा घाटात टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकला. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'रेडिएटरमध्ये हळद टाका.' हळद भोकात अडकते, गळती तात्पुरती थांबते, हे खरं. पण तीच हळद बारीक नळ्यांतही साचते आणि पाणी नीट फिरेनासं होतं. मग इंजिनाचं हेड वाकलं, गॅस्केट उडालं, की खर्च कुठल्या कुठे! त्यापेक्षा रेडिएटरवाल्याकडे जा. आणि नुसता चहा पीत बसू नका, तो काय करतो ते बघा.

जुन्या जीप, ट्रॅक्टरचा तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर तो झाळता येतो. कारागीर त्याची तोंडं बंद करून हौदात बुडवतो, हवा भरतो. बुडबुडे आले तिथे भोक, अगदी पंक्चरवाल्यासारखं. मग ती जागा घासून चकचकीत करायची, फ्लक्स लावायचा. कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकतो ना, काम तेच: धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणं. इथे आळस केला की सोल्डर गोळा होऊन घरंगळतं, चिकटतच नाही.

खरी कसोटी आचेची. कथील-शिशाचं 60-40 सोल्डर साधारण 190 अंशांना वितळतं, पितळ 900च्या आसपास. पितळाला धोका नाही, पण रेडिएटरचे बाकीचे सांधेही सोल्डरचेच असतात! आच जास्त झाली की एक भोक बुजवताना शेजारचं उघडतं. म्हणून आजूबाजूला ओली फडकी ठेवायची. आणि ज्योत सोल्डरवर नाही, धातूवर धरायची. धातू पुरेसा तापला की वितळलेलं सोल्डर आपोआप फटीत ओढलं जातं. बघायला भारी वाटतं.

हल्लीच्या बहुतेक कारमध्ये गाभा अॅल्युमिनियमचा, टाक्या प्लास्टिकच्या. तिथे हे सोल्डर चालत नाही. बहुतेकदा रेडिएटरच बदलतात.

स्वतः करून बघणार असाल तर जागा हवेशीर हवी आणि वडापावला हात लावण्याआधी ते साबणाने धुवा. शिसं पोटात जायला नको. घाटात तर गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. दाबामुळे आतलं पाणी 100 अंशांपुढेही न उकळता थांबलेलं असतं. झाकण सैल झालं की उसळून थेट तोंडावर येतं. पूर्ण गार होईपर्यंत थांबा. चौघांत एकाकडे तरी स्पीकर असेलच.