घरांसकट उठलेलं गाव

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला हिबिंग नावाचं जेमतेम सोळा हजार वस्तीचं शहर आहे. १९१९ ते १९२१ या काळात हे शहर आपली जागा सोडून तीनेक किलोमीटर दक्षिणेला, ॲलिस नावाच्या वस्तीकडे सरकलं. इथे माणसं जुनी घरं सोडून नव्या घरांत गेली नाहीत, घरंच गेली. ती पायापासून उचलायची, खाली ओंडके किंवा पोलादी चाकं सारायची आणि घोडे, ट्रॅक्टर, वाफेची यंत्रं लावून ओढायची. दोनशेच्या आसपास इमारतींनी असा प्रवास केला. सेलर्स हॉटेल मात्र वाटेतच ओंडक्यांवरून घसरलं आणि त्याच्या फळ्या-फळ्या झाल्या.

एवढा खटाटोप कशासाठी? गावाच्या पायाखाली लोखंड होतं. फ्रँक हिबिंग हा जर्मनीत जन्मलेला, रानावनात खनिज हुडकत फिरणारा माणूस. एका गोठवणाऱ्या सकाळी तो उठला आणि आपली हाडं गंजल्यासारखी वाटतात, म्हणजे खाली नक्की लोखंड असणार, असं म्हणाला, अशी दंतकथा आहे. १८९३ मध्ये त्याच्या नावाचं गाव वसलं. घरमालकांकडे हक्क होता फक्त वरच्या जमिनीचा. पोटातलं खनिज कंपन्यांचं. खाण गावाच्या वेशीला येऊन भिडली, तेव्हा कोणी हलायचं हे ठरल्यातच जमा होतं.

हे लोखंड तिथे आलं कसं, ही तर हलत्या घरांहून अजब हकिगत आहे. सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि त्याच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव प्राणवायू सोडू लागले, त्या प्राणवायूने लोखंड गंजलं आणि थराथराने तळाशी बसलं. पुढे जमिनीत मुरणाऱ्या पाण्याने त्या खडकातली वाळूसारखी सिलिका धुऊन नेली. मागे राहिलं ते मऊ, लालसर, कसदार हेमटाइट, आणि तेही पृष्ठभागाजवळ. बोगदे खणायची गरजच नव्हती. वाफेच्या फावड्याने माती बाजूला करायची आणि खनिज सरळ आगगाडीच्या वाघिणीत भरायचं. ते सुपिरियर सरोवरावरच्या बंदरात जायचं आणि तिथून जहाजाने पोलादाच्या कारखान्यांकडे.

अशी खणत गेलेली हल-रस्ट-महोनिंग खाण आज सुमारे पाच किलोमीटर लांब, तीन किलोमीटर रुंद आणि १६० मीटर खोल आहे. महायुद्धांच्या ऐन भरात अमेरिकेच्या लोहखनिजाचा जवळजवळ चौथा हिस्सा हा एकटा खड्डा पुरवत होता. कसदार खनिज संपत आलं तेव्हा टॅकोनाइटची पाळी आली. हा कमी लोखंडाचा, दगडासारखा कठीण खडक. त्याचं पीठ करायचं, चुंबकाने लोखंड वेगळं काढायचं आणि त्याच्या गोळ्या भाजायच्या.

गाव हलवलं खरं, पण हिबिंगने त्याची किंमत पुरेपूर वसूल केली. महापौर व्हिक्टर पॉवर यांनी खाण कंपन्यांकडून भरभक्कम कर घेण्यासाठी झुंज दिली. त्या पैशातून नव्या गावात १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला एक हायस्कूल उभं राहिलं. खर्च जवळपास चाळीस लाख डॉलर! संगमरवरी जिने, पितळी कठडे, सुमारे अठराशे आसनांचं सभागृह, त्यात काचेची झुंबरं आणि पाईप ऑर्गन. शिकणार कोण, तर खाणकामगारांची पोरं. मला हिबिंगची ही गोष्ट खड्ड्यापेक्षा मोठी वाटते.

खाणीने आणखी एक भलतंच अपत्य जन्माला घातलं. कार्ल विकमन या स्वीडिश माणसाने हपमोबिल मोटारी विकायला घेतल्या, पण गिऱ्हाईक मिळेना. मग १९१४ मध्ये त्याने उरलेल्या सात आसनी गाडीतून खाणकामगारांना हिबिंग ते ॲलिस पोचवायला सुरुवात केली, पंधरा सेंटमध्ये. या फेऱ्यांतूनच पुढे ग्रेहाउंड ही देशभर धावणारी बस कंपनी झाली.

आणि त्या झुंबरांच्या सभागृहात १९५८ च्या सुमारास रॉबर्ट झिमरमन नावाचा पोरगा पियानो इतका बडवून रॉक अँड रोल गाऊ लागला की प्राचार्यांनी माइकच बंद केला, असं सांगतात. पुढे त्याने बॉब डिलन हे नाव घेतलं आणि २०१६ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. तो राहायचा त्या रस्त्याला आता हिबिंगने त्याचंच नाव दिलंय.